गिऱ्हाइकाच्या संगणकात शिरण्यापूर्वी

दिवाडी बेटावरच्या एका औषधांच्या दुकानात बिलाचा प्रिंटर अडला, की पूर्वी मला फोंड्याहून जुने गोवे गाठून फेरीबोटीची वाट पाहावी लागे. पलीकडे पोहोचल्यावर बहुधा एवढेच दिसे, की प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची कामे रांगेत लावणारा विंडोजचा भाग, बंद पडला आहे आणि तो पुन्हा सुरू करायला अर्धे मिनिट पुरेसे आहे. हा फेरा वाचवण्यासाठी मी तिथे दुरून काम करण्याची सोय केली, पण ती चुकीच्या मार्गाने केली.

राउटरमध्ये ३३८९ हे पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे क्रमांकाचे दार, उघडून मी विंडोजचा रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून संगणक चालवण्याची सोय, थेट इंटरनेटवर आणला होता. तीन आठवड्यांनी सहज विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडला, तर ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदी कितीही खाली सरकवले तरी संपेनात. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’, ‘टेस्ट’, ‘अकाउंट्स’ अशी नावे कोणाचे तरी यंत्र दर काही सेकंदांनी चाचपून पाहत होते. त्या दुकानाशी कोणाचे वैर नव्हते. उघडे पोर्ट दिसले, एवढेच निमित्त. पोर्टचा क्रमांक बदलला की ही गर्दी ओसरते, धोका मात्र तसाच राहतो.

मग मी दुरून संगणक चालवण्याचे एक तयार ॲप सगळीकडे बसवले आणि, सांगायला लाज वाटते, सगळ्या गिऱ्हाइकांना एकच कायमचा पासवर्ड दिला. हाताखालचा मुलगा काम सोडून बंगळुरूला गेला तेव्हा लक्षात आले, की ३७ ठिकाणांची चावी तो डोक्यात घेऊन गेला आहे. मुलगा सज्जन, त्याच्यावर माझा आजही विश्वास आहे. पण गिऱ्हाइकांनी विश्वास माझ्यावर टाकला होता, त्याच्यावर नव्हे. ते सगळे पासवर्ड बदलता बदलता चतुर्थी उजाडली.

त्याच सुमारास दिवाडीच्या त्या दुकानाच्या मालकांनी, काकांनी, विचारले, “रात्री दुकान बंद असताना तू आत येऊ शकतोस काय रे?” खरे उत्तर ‘होय’ असेच होते आणि ते मी दिले. काका काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून दुकान बंद करताना ते राउटरचा स्विचही बंद करू लागले. त्यांच्या संमतीशिवाय मला आत जाताच येऊ नये, अशी रचना मी करायला हवी होती; ती त्यांना स्विचने करावी लागली.

आता माझ्याकडे रस्टडेस्क या दुरून संगणक चालवण्याच्या ॲपचा स्वतःचा सर्व्हर आहे. संगणकांची ओळख पटवणारा भाग २१११६ या पोर्टवर आणि थेट जोडणी जमली नाही तर मध्यस्थी करणारा भाग २१११७ वर चालतो. ही पोर्टे माझ्या सर्व्हरवर उघडी असतात, दुकानात एकही नाही. गिऱ्हाइकाच्या ॲपमध्ये सर्व्हरची पब्लिक की, म्हणजे तो सर्व्हर माझाच आहे हे ओळखण्याची खूण, घातलेली असते आणि पासवर्डने प्रवेश बंद करून फक्त ‘स्वीकारा’ या बटणावर जोडणी ठेवलेली असते. गेल्या सोमवारी काकांनी माझी विनंती चक्क नाकारली आणि फोनवर म्हणाले, “थांब जरा, बिल करतोय.”

जिथे बटण दाबायला माणूसच नसतो, तिथला प्रश्न अधिक अवघड आहे. काणकोणच्या एखाद्या होमस्टेमधला कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर पावसात वीज जाऊन आल्यावर रुसतो, तेव्हा मालक मुंबईत असतो. शिवाय अनेक जोडण्यांवर राउटरला १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला, अनेक ग्राहकांत वाटून घेतलेल्या जोडणीचा सामायिक आयपी पत्ता मिळतो, म्हणजे बाहेरून आत जाण्याची वाटच नसते. अशा ठिकाणी मी एक छोटे यंत्र ठेवतो, जे वायरगार्डने, म्हणजे इंटरनेटवरून बंदिस्त खाजगी वाट काढणाऱ्या सॉफ्टवेअरने, स्वतःहून माझ्या सर्व्हरकडे येते आणि वाट मिटू नये म्हणून दर २५ सेकंदांनी माहितीचे एक लहानसे पाकीट पाठवते. प्रत्येक जागेची की, म्हणजे या वाटेची डिजिटल चावी, वेगळी असते, आणि एका गिऱ्हाइकाच्या यंत्रावरून दुसऱ्याकडे जाणारी वाहतूक सर्व्हरचा फायरवॉल अडवतो. या दुसऱ्या नियमाचा अनेकांना विसर पडतो, आणि मग एका हॉटेलात शिरलेला उपद्रव शेजारच्या बँक्वेट हॉलपर्यंत पोहोचतो.

गिऱ्हाइकांना हे पटवणे सोपे नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क या अशाच एका ॲपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले होते, तेव्हापासून ‘स्क्रीन दाखवा’ म्हटले की लोक बिचकतात, आणि ते बिचकणे योग्यच आहे. म्हणून स्क्रीन पाहण्यासाठी मी आपणहून फोन कधीच करत नाही. तक्रार गिऱ्हाइकाकडूनच यावी लागते. काम चालू असताना बँकेचे पान उघडू नये, हे एका पानाच्या मराठी करारात लिहिलेले आहे, आणि कोण, केव्हा, किती वेळ आत होते याची नोंद १८० दिवस राखली जाते.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी वायरगार्डची यादी उघडून प्रत्येक कीसमोर शेवटच्या संपर्काची वेळ पाहतो. मागच्या खेपेला काणकोणच्या एका ओळीसमोर ९४ दिवस दिसले. फोन केला तेव्हा कळले, की जागा विकली गेली आहे आणि माझे यंत्र नव्या मालकाच्या कपाटात पडून आहे. ती की मी फोन ठेवण्याआधीच काढून टाकली.