दुसऱ्यांच्या पोरांची ॲडमिशन

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसं तुम्ही एकट्यानंच विचारलंय असं नाही. इथे नेब्रास्कात, ओमाहाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत विचारून झालंय, ऑफिसात नव्यानं आलेल्या पुण्याच्या मुलांनी विचारलंय, आणि कोल्हापूरच्या आत्यानं तर फोनवर थेटच, "काय रं, शाळंतली पोरं कुठल्या कॉलेजात जात्यात ते रात्रभर बघत बसतोस म्हणं? दलाली मिळती व्हय त्यात?" प्रश्न एकच. शनिवारी नेब्रास्का विद्यापीठाच्या संघाची अमेरिकन फुटबॉलची मॅच बघतोस ते समजलं. पण डिसेंबरात कुठला सतरा वर्षांचा पोरगा कुठल्या कॉलेजकडून खेळायला कमिट झाला, आणि एप्रिलात आपलाच संघ आपल्याशीच खेळतो त्या स्प्रिंग गेममध्ये कोण कसा पळाला, यात तुझं काय अडलंय?

लिंकनच्या आपल्या स्टेडियमची तिकिटं, कोविडचं वर्ष सोडलं तर, १९६२ पासून दर मॅचला संपतात, राज्यात मोठा व्यावसायिक संघ नाही, वगैरे तुम्हाला सांगायची गरज नाही. लाल टीशर्ट तुमच्याही कपाटात आहे.

माझं नेहमीचं उत्तर असं: वीस लाख वस्तीच्या राज्यात आघाडीचे खेळाडू पुरेसे तयार होत नाहीत. ते टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, कॅलिफोर्नियातून आणावे लागतात. तिथल्या पोराला उणे वीसची थंडी आणि मैलोन्‌मैल मका दाखवून "ये" म्हणायचं, हे काम मॅच जिंकण्याहून अवघड आहे. शिवाय २०१७ ते २०२३, सलग सात हंगाम आम्ही जिंकण्यापेक्षा हरलो जास्त. २०२१ मध्ये बारापैकी नऊ मॅच हरलो, आणि त्यातली एकही नऊपेक्षा जास्त गुणांनी नाही. दर शनिवारी असं थोडक्यात मरणारा माणूस डिसेंबरात पुढच्या वर्षीची यादी बघणार नाही तर काय बघणार?

आणि आत्याला तर हा प्रश्न विचारायचा हक्कच नाही. कोल्हापुरात पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशी फुटबॉलची मॅच असली की आमचे मामा जेवणावरून उठून शाहू स्टेडियमला जायचे. हंगामाच्या तोंडावर कुठला खेळाडू कुठल्या तालमीकडून नोंदणी करतोय यावर त्यांचं दोन दोन दिवस कुणाशी तरी बोलणं बंद असायचं. तेव्हा त्यांना दलाली मिळत होती का, हे तिनं कधी विचारलं नाही.

हे उत्तर खोटं नाही. फक्त ते दिलं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून मला ते सोयीचं पडतं.

डिसेंबर २०२३ची गोष्ट. डिलन रायोला हे नाव तुम्ही तेव्हा ऐकलं असेलच. पाच स्टारवाला, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा क्वार्टरबॅक, चेंडू फेकून संघाचा खेळ चालवणारा. त्याचे वडील डॉमिनिक आपल्याकडेच सेंटर खेळलेले, काका तेव्हा आपल्या ऑफेन्सिव्ह लाइनचे कोच. पण पोरानं मे २०२२ मध्ये शब्द दिला ओहायो स्टेटला. त्याच वर्षी डिसेंबरात तो मागे घेतला. मे २०२३ मध्ये जॉर्जियाला दिला. त्या प्रत्येक वेळी आमच्या चाहत्यांच्या ग्रुपवर त्याच्याबद्दल काय काय लिहिलं गेलं ते इथे सांगण्यासारखं नाही. त्यात माझाही हात होता. आणि मग १८ डिसेंबरला, सही करायची वेळ दोन दिवसांवर आली असताना, तो जॉर्जिया सोडून नेब्रास्काला येतो असं जाहीर झालं. मी स्वयंपाकघरात होतो. ओरडलो, हे मान्य. नाचलो हे बायकोचं म्हणणं आहे.

त्याच आठवड्यात आमच्या मुलीला पूर्वेकडच्या एका विद्यापीठाचा होकार आला होता. अर्ली डिसिजन, म्हणजे होकार आला की जायचंच. अर्ज केला तेव्हा सही मीही केली होती. पण मनात एक हिशोब चालूच होता. लिंकनला तिला रीजंट्स स्कॉलरशिप मिळण्यासारखी होती, म्हणजे ट्यूशन माफ. घर पाऊण तासावर. होकार आल्यापासून मी तिच्याशी नीट बोललो होतो, अभिनंदन केलं होतं, पेढे आणले होते. फक्त एकदा, गाडीत, "अजून काही बदलता येतं का गं?" असं विचारलं होतं.

तर ती जिन्यावरून खाली आली आणि काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं. आनंदानंच सांगितलं. ती तिथेच उभी राहून म्हणाली, "म्हणजे तो ओहायोला हो म्हणाला, मग नाही म्हणाला, मग जॉर्जियाला हो म्हणाला, मग नाही म्हणाला. आणि तू ओरडतोयस. मी एकाच ठिकाणी अर्ज केला, एकदाच हो म्हटलं, आणि तू मला गाडीत विचारतोस बदलता येतं का."

मी म्हटलं, त्याची गोष्ट वेगळी आहे, त्याचं कुटुंबच इथलं आहे.

"माझं कुठलं आहे?"

बायको भाजी ढवळत होती, ती ढवळतच राहिली. मी काहीतरी बोललो: पैशांचं बोललो, हवेचं बोललो, शेवटी तर आपल्याकडचं इंजिनिअरिंग कसं चांगलं आहे ते बोललो, जे शिकायचा तिचा विचारच नव्हता. ती शांतपणे ऐकून वर गेली. जेवायला आली तेव्हा विषय दुसरा होता. तो विषय परत कुणी काढला नाही, आणि त्यामुळे तो संपलाही नाही. मी तेव्हा चुकलो असं अजूनही मला वाटत नाही. गाडीत विचारलेल्या एका प्रश्नाला बापाचा हक्क म्हणतात. पण त्या रात्री सगळे झोपल्यावर मी परत रायोलाच्या बातम्या वाचत बसलो, आणि सगळीकडे एकच वाक्य शोधत होतो: तो का आला. किती लांब फेकतो, पाय किती चपळ, हे वाचून झालं होतं. त्याला कुठेही जाता आलं असतं, तरी इथे का, एवढंच हवं होतं.

माझ्याबाबतीत हा प्रश्न उद्भवलाच नव्हता. नोकरी मिळाली ती इथे. एच-वन बी व्हिसा त्याच कंपनीचा, ग्रीन कार्डचा अर्ज त्याच कंपनीचा, आणि भारतीयांची रांग कशी असते ते तुम्हाला माहीत आहे, तुम्हीही त्यातच आहात. त्या वर्षांत सिएटलहून एकदा चांगलं बोलावणं आलं होतं. तिथे सगळं पहिल्यापासून करावं लागेल, मधेच काही बिनसलं तर काय, म्हणून नाही म्हटलं. पुढे लोक म्हणायला लागले की तुम्हाला नेब्रास्का आवडलं वाटतं. आवडलंच. पण आवडण्याआधी थांबलो होतो.

म्हणून ट्रान्सफर पोर्टलबद्दल, म्हणजे कॉलेज बदलू बघणाऱ्या खेळाडूंच्या यादीबद्दल, माझं म्हणणं इतकं डळमळीत आहे. पूर्वी कॉलेज बदललं की खेळाडूला एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०२१ पासून ती अट सैल झाली, त्याच वर्षी जाहिरातींतून कमवायची मोकळीकही मिळाली, आणि पोरं हवी तिथे जायला लागली. मी तेव्हा मोठमोठी पत्रं लिहिली होती. निष्ठा उरली नाही, खेळाचा बाजार झाला, असलं बरंच. ती आता वाचली की लिहिणाऱ्याला गदागदा हलवावंसं वाटतं. अरे, तुला पोर्टल असतं तर तू काय केलं असतंस? बायकोनं हे तेव्हाच विचारलं होतं. मी म्हटलं होतं की हा तुलनेचा मुद्दाच नाही. तो होता. पण तो पत्र लिहिणारा अगदीच मूर्ख होता असंही नाही. पाच वर्षं एकाच जागी राबून वर आलेल्या स्थानिक पोराला बघण्यात जे आहे, ते वर्षाच्या बोलीवर आलेल्यात मला अजून सापडलेलं नाही.

२०२५ मध्ये आपले मुख्य कोच मॅट रूल यांनी नेहमीचा स्प्रिंग गेम रद्द केला. कारण उघड सांगितलं: टीव्हीवर दिसलेली आपली पोरं बाकीचे संघ एप्रिलच्या पोर्टलमध्ये उचलतात. मी चिडलो. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा उन्हात बसायचा तो दिवस असतो, तिकीट स्वस्त, हरायची भीती नाही. आदल्या वर्षी रायोलाचा पहिला खेळ तिथेच पाहिला होता, साठ हजारांच्या आसपास माणसं, सरावाला! पण रूल चुकीचं बोलत नव्हते, हेही कळत होतं.

रायोला दोन हंगाम खेळला. २०२४ मध्ये आम्ही २०१६ नंतर पहिल्यांदा हंगामअखेरच्या बोल गेमला पोचलो, आणि तो धरून सात जिंकलो. २०२५ च्या नोव्हेंबरात यूएससी, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्ध त्याचा पाय मोडला, आणि जानेवारीत तो पोर्टलमधून ओरेगनला गेला. ग्रुपवर जे व्हायचं ते झालं. या वेळी मी काही लिहिलं नाही. त्याला फार मोठेपणा देऊ नका, मला लिहायला काही सुचलंच नाही.

आता विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देतात, एखादं मोठं विद्यापीठ सगळ्यांना मिळून वर्षाला दोन कोटी डॉलरच्या वरही. त्यामुळे बहुवर्षांचे करार करा, मुदतीआधी जाणाऱ्याकडून भरपाई घ्या, अशी मागणी सुरू आहे. मी दोन्ही बाजूंनी भांडतो. मागे एकदा एकाच संध्याकाळी दोन्ही बाजूंनी भांडलो, माणसं बदलली होती म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. करारानं बांधलेला पोरगा इथे राहिला तर त्यानं आपल्याला निवडलं असं म्हणता येणार नाही, हे मला तुमच्याहून जास्त कळतं. तरी पुढचा क्वार्टरबॅक तीन वर्षांच्या करारावर आला, तर मला झोप चांगली लागेल.