ताटाची डावी बाजू

मराठी घरात ताट वाढायला शिकणे म्हणजे आधी डावी आणि उजवी बाजू शिकणे. वर मधोमध मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर आणि लोणचे, उजवीकडे भाज्या आणि आमटीची वाटी, समोर वरणभाताची मूद आणि तिच्यावर तुपाची धार. पाटावरच्या पंगती गेल्या, जेवणाची टेबले आली, नाशिकच्या जुन्या वाड्यांच्या जागी लिफ्टच्या इमारती उभ्या राहिल्या, तरी या मांडणीत कोणी फारसा फेरफार केलेला नाही. नैवेद्याच्या ताटात चटणी चुकून उजवीकडे गेली, तर देव रागावणार नाही हे ठाऊक असूनही घरातली एखादी वडीलधारी बाई ती उचलून डावीकडे ठेवतेच. उजव्या हाताने जेवणाऱ्याला जे पुन्हापुन्हा लागते ते उजवीकडे आणि तोंडी लावण्यापुरते असते ते डावीकडे, असा त्यामागचा सरळ हिशेब असावा.

मात्र या डाव्या बाजूकडे मी नीट लक्ष दिले ते माझ्या मामांमुळे. मामा पंचवटीत राहतात. त्यांना पक्षाघाताचा झटका आला तो मेंदूच्या उजव्या भागात. बोलणे शाबूत राहिले, स्मरणशक्ती शाबूत राहिली, सुनेने वाचून दाखवलेल्या अग्रलेखात खोड काढण्याची हौसही शाबूत राहिली. अडचण आली ती जेवणात. भाजी, आमटी आणि मुदीचा उजवीकडचा अर्धा भाग संपवून ते ताट सारत आणि म्हणत, "सूनबाई, आज चटणी राहिली वाटतं." सूनबाई बिचारी ताटाकडे बघत राही, कारण ओल्या नारळाची हिरवीगार चटणी तिथेच, तिच्या ठरलेल्या जागी होती. "अहो, ही काय! दिसत नाही का तुम्हाला?" असे मामी विचारत, आणि मामांना मामींचा आवाज कळे, चटणी कळत नसे. डोळे तपासून झाले, त्यांत दोष निघाला नाही. शेवटी व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने एका दुपारी काही न बोलता ताट उचलून अर्धे फिरवले. मामांनी आधी चटणीकडे पाहिले, मग मामींकडे, आणि म्हणाले, "आत्ता वाढलीस होय!"

डोळे ठीक असताना असे का व्हावे, याचे उत्तर मेंदूच्या रचनेत आहे. आपल्या मेंदूचे दोन गोलार्ध शरीराच्या विरुद्ध बाजू सांभाळतात. हातापायांना हुकूम देणारे बहुतेक तंतू मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जू सुरू होण्याच्या जरा वर, एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात. दृष्टीची वाटणी याहून चमत्कारिक आहे. डावा डोळा उजव्या गोलार्धाकडे आणि उजवा डावीकडे, असा तो मामला नाही. प्रत्येक डोळ्याला दिसणाऱ्या दृश्याचा डावा अर्धा भाग उजव्या गोलार्धात आणि उजवा अर्धा भाग डाव्या गोलार्धात पोहोचतो. मामांच्या मेंदूत दृश्य पोहोचत होते, पण त्याची दखल घेणारा भाग दुखावला होता. या बाबतीत दोन गोलार्धांची कुवत सारखी नसते. डावा गोलार्ध मुख्यतः उजव्या बाजूवर लक्ष ठेवतो, तर उजवा दोन्ही बाजूंवर, असे याचे प्रचलित स्पष्टीकरण आहे. म्हणूनच डावीकडे इजा झाली तर उजवा गोलार्ध बरेचसे निभावून नेतो, आणि उजवीकडे झाली की डाव्या बाजूला वाली उरत नाही. असे रुग्ण अर्धीच दाढी करतात, आणि घड्याळाचे चित्र काढायला सांगितले तर बारा आकडे उजव्या अर्ध्या वर्तुळात कोंबतात.

मला थक्क केले ते याच्या पुढच्या गोष्टीने. मामांना आपल्या ताटाचा अर्धा भाग नाहीसा झाल्याचे जाणवतच नव्हते. तिथे काळोख नव्हता, धूसरपणा नव्हता, रिकामी जागाही नव्हती. त्यांच्या लेखी ताट पूर्ण होते आणि स्वयंपाकघराकडून हलगर्जीपणा झाला होता. मेंदूच्या दोन भागांबद्दल पुढे जे जे वाचले, त्यात हीच खूण मला निरनिराळ्या वेषांत भेटत राहिली: अर्ध्या मेंदूला आपण अर्धे आहोत, याचा पत्ता नसतो.

१९७८ साली बिझियाक आणि लुत्साती या दोन इटालियन संशोधकांनी मिलान शहरातल्या अशा रुग्णांवर एक साधा आणि विलक्षण प्रयोग केला. रुग्णांना त्यांनी मिलानच्या कॅथेड्रलसमोरचा प्रसिद्ध चौक डोळ्यांपुढे आणायला सांगितले. चौकाच्या एका टोकाला उभे आहोत अशी कल्पना केल्यावर रुग्णांनी उजव्या हाताच्या इमारतींची नावे सांगितली, डावीकडच्या बहुतेक गाळल्या. मग विरुद्ध टोकाला उभे असल्याची कल्पना करायला सांगताच मघाशी गाळलेल्या इमारती भराभर निघाल्या, आणि मघाशी सांगितलेल्या लुप्त झाल्या. म्हणजे आठवणीत सगळा चौक जागच्या जागी होता. मनातल्या चित्राचीही डावी बाजू हरवत होती.

हे वाचताना मला गोदाघाट दिसू लागला. अहिल्याबाई होळकर पुलावर, म्हणजे जुन्या नाशिककरांच्या व्हिक्टोरिया पुलावर, प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभे राहिले की डाव्या हाताला कपालेश्वर आणि सगळी पंचवटी येते, उजव्या हाताला सुंदरनारायण, सरकारवाडा, सराफ बाजार. खाली गाडगे महाराज पुलावर जाऊन उलटे तोंड केले की सगळे पालटते. मामांचा जन्म या घाटावर गेला आहे. पहिल्या पुलावर त्यांना कल्पनेने उभे केले तर ते स्वतःच्या घराची पंचवटीच विसरतील का, हे विचारून पाहण्याचा मला फार मोह झाला होता, पण मामींच्या धाकाने तो आवरला. पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला अशी अडचण येण्याचे कारण नाही.

गंगापूर रोडवर सध्या मुलांच्या 'उजव्या मेंदूच्या विकासा'च्या वर्गाचा एक फलक झळकतो. त्यावरच्या मेंदूचा डावा अर्धा भाग करड्या रंगाचा असून त्यात आकडे आणि समीकरणे आहेत, उजव्या अर्ध्यात रंगांची उधळण, सतारी आणि फुलपाखरे. हिशेबी माणूस डाव्या मेंदूचा, कलावंत उजव्या मेंदूचा, ही समजूत आता इतकी रुजली आहे की लग्नाच्या बैठकीतही ती ऐकू येते. २०१३ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातील संशोधकांनी ७ ते २९ वयोगटातल्या हजाराहून अधिक लोकांच्या मेंदूंची चित्रे तपासली, तेव्हा काही विशिष्ट कामे एका बाजूला अधिक होतात हे दिसले, परंतु एखाद्या माणसाचा एकंदर डावा किंवा उजवा गोलार्ध वरचढ असल्याचा पुरावा मिळाला नाही. गणितालाही दोन्ही लागतात आणि गाण्यालाही. फलकावर फी छापलेली नाही. ती मात्र पूर्ण घेत असणार.

फरक आहेत आणि ते फलकावरच्या चित्रापेक्षा कितीतरी मनोरंजक आहेत. पॅरिसमधले शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांच्याकडे १८६१ साली एक रुग्ण आला. त्याला बोललेले समजत असे, पण स्वतः बोलायला गेला की 'तां' एवढेच तोंडातून निघे. तो वारल्यावर त्याच्या मेंदूच्या डाव्या गोलार्धात, पुढच्या भागात, इजा आढळली. तशाच आणखी रुग्णांचे मेंदू पाहून, आपण डाव्या गोलार्धाने बोलतो असे ब्रोका यांनी पुढे मांडले. उजव्या हाताने लिहिणाऱ्या सुमारे ९५ टक्के लोकांत भाषा प्रामुख्याने डावीकडेच असते. डावखुऱ्यांत हे उलटे असेल असे वाटते, परंतु त्यांच्यातही सुमारे ७० टक्क्यांची भाषा डावीकडेच सापडते.

या 'तां'वाल्या रुग्णाबद्दल आणखी एक नोंद आहे. फार संतापला की त्याच्या तोंडून एक सणसणीत फ्रेंच शिवी मात्र अखंड बाहेर पडे. डावीकडच्या झटक्याने वाचा गेलेल्या अनेक माणसांत असे दिसते की पाणी मागायला शब्द सापडत नाही, पण वर्षानुवर्षे घोकलेले स्तोत्र, पाढे, आरती किंवा शिवी सहज येते. घरात तबकात निरांजन लागल्यावर जो माणूस 'सुखकर्ता'पासून पुढे सुरात म्हणतो, त्याला आरती संपल्यावर सुनेचे नाव सांगता येत नाही, आणि घरच्यांना तो सोंग करतो आहे असे वाटते. तो सोंग करत नसतो. सुरात उजव्या गोलार्धाचा वाटा मोठा असतो, आणि याच धाग्याला धरून १९७०च्या दशकात अशा रुग्णांना वाक्ये गाऊन बोलायला शिकवण्याची उपचारपद्धती निघाली.

शब्द डावीकडे, तर शब्दांची खोच बरीचशी उजवीकडे. तासभर उशिरा आलेल्याला आपण "या, या, फार लवकर आलात!" असे म्हणतो, तेव्हा त्यातला शब्दन् शब्द स्वागताचा असतो. टोमणा असतो तो आवाजाच्या हेलकाव्यात. उजव्या गोलार्धाला इजा झालेल्या काही जणांना वाक्याचा अर्थ तंतोतंत कळतो आणि टोमणा मुळीच कळत नाही. मराठी माणसाच्या दृष्टीने हे अपंगत्व अन्न-पाण्याच्या खालोखाल गंभीर मानायला हवे, कारण आपला निम्मा संसार टोमण्यांवर चालतो.

या दोन गोलार्धांच्या मधोमध, खोलवर, सुमारे २० कोटी तंतूंचा एक जाड पट्टा आहे. त्याला कॉर्पस कॅलोसम म्हणतात. एका बाजूचा निरोप त्यातून दुसरीकडे जायला सेकंदाचे काही हजारांश भाग पुरतात, त्यामुळे डावीकडे पाहिलेल्या चटणीचे नाव आपण विनासायास उच्चारतो. एरवी कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या फिट्स मेंदूच्या एका बाजूकडून दुसरीकडे पसरू नयेत, म्हणून काही रुग्णांचा हा पट्टा शस्त्रक्रियेने तोडण्यात आला. १९६२ साली लॉस एंजेलिसमध्ये झालेल्या अशा एका शस्त्रक्रियेपासून रॉजर स्पेरी आणि त्यांचे विद्यार्थी मायकेल गॅझॅनिगा यांनी या रुग्णांचा अभ्यास सुरू केला, आणि १९८१ साली स्पेरी यांना नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

गॅझॅनिगा यांनी अशाच एका तरुण रुग्णावर केलेला प्रयोग मी कितीदा वाचला तरी हसू आवरत नाही. त्याच्या डाव्या गोलार्धालाच दिसेल असा कोंबडीचा पंजा आणि उजव्या गोलार्धालाच दिसेल असे बर्फाने झाकलेल्या घराचे दृश्य दाखवण्यात आले. समोरच्या चित्रांतून जुळणारे निवडायला सांगताच उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्या हाताने फावडे. दोन्ही निवडी अचूक होत्या. आता, असे का निवडलेस, या प्रश्नाचे उत्तर देणारा होता डावा गोलार्ध, आणि त्याला बर्फाची वार्ताही नव्हती. "मला माहीत नाही" एवढे म्हणून मोकळे होता आले असते. त्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले की पंजा कोंबडीचा आहे आणि कोंबड्यांचे खुराडे साफ करायला फावडे लागते. मामांनी मामींना "आत्ता वाढलीस होय" म्हणून सुनावले, त्यात हाच आत्मविश्वास होता. आपण सगळे दिवसभर आपल्या वागण्याची जी कारणे देत असतो, त्यांतली किती या जातीची असतील याचा विचार मी फार वेळ करत नाही.

तुटलेल्या पट्ट्याचे सगळेच परिणाम तोट्याचे नाहीत. भाद्रपद जवळ आला की नाशिकच्या मोकळ्या मैदानांवर ढोल पथकांचा सराव सुरू होतो आणि एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप हे गणित नव्या मुलांच्या हातांना काही केल्या साधत नाही. दोन्ही हात एकदम पडतात. एका हाताने वर्तुळ आणि त्याच वेळी दुसऱ्याने चौकोन काढून पाहिला, तरी वर्तुळाला कोपरे फुटतात, कारण एका हाताचा बेत पट्ट्यातून दुसऱ्या हातापर्यंत पाझरतो. पट्टा तोडलेल्या रुग्णांनी अशा दोन वेगळ्या आकृत्या आपल्याहून सहज काढल्याचे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. मात्र दोन हातांचा मेळ घालण्याचे नवे काम शिकायचे झाले तर ते अडखळतात, आणि ढोलाला तर मेळच हवा. वयाच्या सातव्या वर्षाआधी वाद्य शिकू लागलेल्या वादकांत या पट्ट्याचा पुढचा भाग मोठा असतो, असे १९९५ साली आढळले आहे.

एवढे सगळे असून या रुग्णांशी गप्पा मारणाऱ्याला काहीही वेगळे जाणवत नसे, कारण पट्टा तुटल्यावरही दोन्ही गोलार्धांनी एकमेकांशी बोलण्याच्या आडवाटा शोधल्या होत्या. एका रुग्णाच्या उजव्या गोलार्धाला लाल किंवा हिरवा दिवा दाखवून रंग विचारला जाई. उत्तर देणाऱ्या डाव्या गोलार्धाने दिवा पाहिलेलाच नसल्यामुळे तो अंदाजाने "लाल" म्हणे. दिवा हिरवा असेल तर ते चुकीचे उत्तर उजव्या गोलार्धाच्या कानांवर पडे. त्याला बोलता येत नसे, पण कपाळाला आठी पाडता येई आणि मान हलवता येई. पाहुण्यांसमोर नवरा आपल्या लग्नाचे साल चुकीचे सांगू लागला की शेजारी बसलेली बायको जशी नुसती भुवई उंचावते, तसेच हे होते. तेवढ्याने डावा गोलार्ध सावध होई आणि म्हणे, नाही नाही, हिरवा, मला हिरवाच म्हणायचे होते. कपाळाला आठी कशी पडली असे विचारले असते, तर त्याचेही एखादे कारण त्याने तयार ठेवलेच असते.