आमिषाचा बांगडा

मालवणजवळच्या देवबागला, कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमावर, आज पहाटे कयाक घातली ती तांबोशी माशासाठी, पण खरी मजा आली आमिष धरण्यातच. कयाकमध्ये बसून पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, फेकणं म्हणजे खुर्चीत बसून गोफण फिरवणं. कमरेचा झोकच मिळत नाही! म्हणून साबिकी सोडली: एका दोरीला ओळीने बारीक गळ, प्रत्येकाला चमकती पिसं. थवा सापडला की तीन-तीन छोटे बांगडे एकदम, आणि ते सगळे गळांसकट मांडीवर.

हात लावला की खवले जातात, म्हणून थेट बादलीवर झटकायचे. बांगडा सतत पोहला तरच त्याला श्वास मिळतो. बादली गोल हवी, पाणी वरचेवर बदलायचं.

तांबोशी एकच लागली. किनाऱ्यावर काकी मात्र चिडलेली, "मेल्या, बांगडे तळूचे सोडून गळाक लावतंस?"