तुम्ही विचारलंत म्हणून: रक्तात इओसिनोफिल नॉर्मल, तरी इओसिनोफिलिक न्यूमोनिया?

"सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) इओसिनोफिल तीनच टक्के आहेत, मग हे निदान कसं?" हा प्रश्न नातेवाईकांइतकाच निवासी डॉक्टरांकडूनही येतो. इओसिनोफिल या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी. या न्यूमोनियाच्या अॅक्यूट, म्हणजे अचानक उद्भवणाऱ्या प्रकारात सुरुवातीला त्या फुफ्फुसात साठलेल्या असतात. रक्तात त्या बहुधा काही दिवसांनी वाढतात. म्हणून पहिल्या दिवसाच्या सीबीसीवरून हा आजार नाही असं ठरवू नये.

पेशंट बहुधा तरुण आणि धडधाकट असतो. चार-सहा दिवसांचा ताप, कोरडा खोकला, झपाट्याने वाढणारी धाप. "सिगारेट ओढता का?" एवढं विचारून भागत नाही. कधी सुरू केली, मधे सोडली होती का, अलीकडे वाढवली का, हे विचारा. 2003-04 मध्ये इराक आणि आसपास तैनात अमेरिकी सैनिकांत असे 18 पेशंट सापडले. सगळे सिगारेट ओढणारे, आणि त्यांतल्या 14 जणांनी ती नुकतीच सुरू केलेली. डॅप्टोमायसिन या अँटिबायोटिकसारख्या औषधांचीही चौकशी हवीच.

एचआरसीटीत (फुफ्फुसाच्या बारकाईच्या सीटी स्कॅनमध्ये) दोन्ही बाजूंना ग्राउंड ग्लास म्हणजे धुरकट छाया, त्यात सेप्टा (फुफ्फुसातले बारीक पडदे) जाड झाल्याने उमटलेली बहुकोनी जाळी, आणि बहुतेकदा दोन्हीकडे थोडं प्लूरल पाणी, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणात साठलेलं पाणी. चित्र हुबेहूब हार्ट फेल्युअरचं. पण हृदयाचा आकार आणि टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल. इथेच बरेच जण फसतात आणि लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) देत राहतात. पांढरी छाया फक्त कडेकडेने असेल तर क्रॉनिक, म्हणजे हळूहळू वाढणारा प्रकार आठवावा.

निदान ठरतं ते लव्हाजवर, म्हणजे फुफ्फुसाचा भाग सलाइनने धुऊन परत ओढलेल्या पाण्याच्या तपासणीवर. ब्रॉन्कोस्कोप (श्वासनलिकेतून घालायची दुर्बीण) उजव्या फुफ्फुसाच्या मिडल लोब किंवा डाव्या फुफ्फुसाच्या लिंग्युला या भागाच्या नळीत घट्ट बसवून (वेज करून) एकूण 100 ते 300 मिलि सलाइन टप्प्याटप्प्याने सोडायचं. 30 टक्क्यांहून कमी परत आलं तर काउंटवर भिस्त ठेवता येत नाही. फॉर्मवर 'डिफरन्शियल सेल काउंट' (कोणत्या पेशी किती टक्के) स्पष्ट लिहा, नाहीतर कल्चर आणि कॅन्सर सेल्सचाच रिपोर्ट हाती येतो. इओसिनोफिल 25 टक्क्यांच्या वर असले आणि जंतुसंसर्ग सापडला नाही, की निदान पक्कं.

लव्हाज शक्यतो स्टिरॉइडच्या आधी करा, कारण स्टिरॉइडने इओसिनोफिल झपाट्याने उतरतात. ऑक्सिजन टिकतच नसेल तर मात्र थांबू नका. आपल्याकडे स्ट्राँगिलॉइड्स या आतड्यातल्या जंताचा विचार आधी हवा; स्टिरॉइडखाली हा जंत शरीरभर पसरू शकतो. मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू केल्यावर 24 ते 48 तासांत ऑक्सिजनची गरज ठळक उतरते. तशी उतरली नाही तर फाइल पुन्हा पहिल्या पानापासून वाचा. उतरली तर साधारण दोन आठवड्यांचा कोर्स बहुतेकांना पुरतो, आणि सिगारेट पुन्हा हातात घेतली नाही तर आजार सहसा उलटत नाही.