पायाला काय लावता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एसटीत, लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या रांगेत हत्तीपायानं सुजलेला माझा डावा पाय लोकांच्या नजरेत भरतोच. ज्यांच्या घरी कुणाचा तरी असाच पाय आहे, त्या बाया जवळ येऊन हळूच विचारतात, "ताई, काय लावता हो पायाला?"

साबण आणि पाणी लावते. ऐकणारीचा चेहरा पडतो, मला दिसतं. तिला एखादं तेल, एखादा लेप हवा असतो.

आमच्या भंडाऱ्याकडे हत्तीपाय नवा नाही. डास चावतो, त्याच्यातून जंत अंगात शिरतात आणि लसिकावाहिन्यांत घर करतात. अंगात झिरपलेलं पाणी गोळा करून परत रक्तात सोडणाऱ्या या बारीक नळ्या एकदा निकामी झाल्या की पाणी पायातच साचत राहतं. सरकारी गोळ्यांनी जंतांचा बंदोबस्त होतो, भरलेला पाय मात्र उतरत नाही. म्हणून पुष्कळ जण गोळ्या नालीत टाकतात. तसं करू नका. रक्तात जंतांची पिल्लं उरली नाहीत, तर डास ती शेजारच्या लेकराला देणार कुठून?

मला खरं छळलं ते तापानं. दोन-तीन महिन्यांनी हुडहुडी भरायची, जांघेत अवधाण यायचं, पाय लालबुंद होऊन ठणकायचा. आठ दिवस अंथरुणात. प्रत्येक तापानंतर पाय आधीपेक्षा थोडा जाड राहायचा. हे जंतच करतात, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. मग एका नर्सताईंनी माझी करंगळी हलकेच बाजूला केली आणि आतली फट दाखवली. कातडी पांढरी, भिजून फुगलेली, मधोमध केसाएवढी चीर. चिखल्या! रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे कुणाला होत नाहीत? पण माझ्या पायात त्या चिरेतून जिवाणू शिरत होते आणि ताप त्यांचा होता.

तेव्हापासून रोज झोपण्याआधी पाय धुते. पाणी साधं, गरम नाही. साबण अंगाचाच, हातानं फेस करून, घासणी न लावता. मग जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं टिपते. सगळा वेळ या टिपण्यात जातो, कारण चार फटींपैकी एकही ओली राहून चालत नाही. चिखली दिसली की बुरशीचं मलम. झोपताना पायाखाली दोन उशा, आणि बसल्या जागी घोटा वरखाली करत राहते. मापाचा घट्ट मोजा डॉक्टरांनी पाय तपासून दिला, तो दिवसा घालते. ताप आलाच तर मोजा, व्यायाम, चोळणं, शेकणं सगळं बंद. गार ओलं फडकं ठेवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. अंगावर काढायचं नाही.

गेली दोन वर्षं मला ताप नाही. पाय उजव्यापेक्षा जाडच आहे, चप्पल अजूनही मापानं शिवून घ्यावी लागते.

तुम्ही सासूबाईंसाठी विचारत होतात ना? आज घरी गेल्यावर दिव्याखाली त्यांची करंगळी बाजूला करून बघा.