ध्यान, खाज आणि सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप

ध्यानाचे फायदे म्हणून जी लिस्ट सगळीकडे फिरत असते ना, एकाग्रता वाढते, चेहऱ्यावर तेज येतं, बीपी पळून जातं वगैरे, ती वाचून मी जन्मात ध्यानाला बसले नसते. बसले ती नणंदेमुळे. ती इगतपुरीहून परत आली, आमच्याकडे राहिली आणि तेवढ्या मुक्कामात कुणावरच खेकसली नाही, आता ही केवढी मोठी गोष्ट आहे ते आमच्या घरच्यांनाच विचारा. मग म्हटलं आपणही जाऊन बघू.

इगतपुरीचं धम्मगिरी म्हणजे गोयंका गुरुजींचं विपश्यना नावाच्या ध्यानपद्धतीचं केंद्र. गोयंका मूळचे म्यानमारमधल्या मंडालेचे, मारवाडी व्यापारी घरातले. मायग्रेनने हैराण होते, डोकं इतकं चढायचं की मॉर्फिन घ्यावं लागायचं, त्यातून ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकायला गेले. 1969 मध्ये भारतात येऊन शिकवायला लागले आणि 1976 मध्ये इगतपुरीचं केंद्र सुरू झालं. दहा दिवसांचा कोर्स, फी एक रुपयाही नाही, द्यायचं असेल ते दान कोर्स पूर्ण केल्यावरच घेतात. फोन जमा, बोलणं बंद, वाचणं लिहिणं पण बंद, पहाटे 4 ला घंटा, 11 ला जेवण आणि संध्याकाळी चहाबरोबर थोडंसं काहीतरी. मला उपाशी राहायची भीती जास्त होती आणि त्रास झाला तो गुडघ्यांचा, भूक कुठच्या कुठे गेली.

पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा, नाकाखाली वरच्या ओठापाशी. प्राणायाम नाही, श्वास जसा आहे तसा. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत अंगावर कुठे काय जाणवतंय ते बघत जायचं, आणि मग येतं अधिष्ठान, म्हणजे एक तास हात पाय हलवायचे नाहीत आणि डोळे उघडायचे नाहीत. आणि नेमकी तेव्हाच नाकाच्या शेंड्याला खाज सुटते! एरवी खाज सुटली हे कळायच्या आतच हात तिथे पोचलेला असतो, इथे तो पोचवायचा नाही, नुसतं बघायचं, टोचतंय, वाढतंय, आता सहन होणार नाही असं वाटतंय, आणि मग ती जाते. आपोआप. माझ्यासाठी विपश्यनेचा सगळा अर्क त्या खाजेत आहे.

कारण घरी आल्यावर लक्षात आलं की राग पण तसाच येतो, आधी अंगात येतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टाकीवरून महाभारत चालू असतं, कुणीतरी लिहितं की "काही बायकांना दुसरं काम नाही" आणि माझे कान गरम होतात, छातीत काहीतरी आवळतं, आणि पूर्वी याच्यातलं काहीच मला कळायचं नाही, कळायचं ते थेट मी पाठवलेला अर्धा पान मेसेज आणि त्याखाली आलेले अंगठे. आता कान गरम झाले की कळतं. तेवढं कळलं की हात थोडा थांबतो, मी फोन ठेवून भेंडी चिरायला घेते आणि नंतर दोन ओळींत काय ते लिहिते. राग जात नाही हां, आणि टाकीचा प्रश्न पण सुटलेला नाही. पण डोक्यात तो मेसेज रात्री झोपेपर्यंत फिरत राहायचा ते बरंच कमी झालंय.

माझ्या सासूबाई म्हणतात यात नवीन काय, मी रोज जप करतेच की. खरंय, फक्त त्या माळ ओढता ओढता दूध उतू जातंय म्हणून ओरडतात पण.

संशोधनाचं म्हणाल तर 2014 मध्ये जामा इंटर्नल मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात ध्यानावरच्या 47 ट्रायल्स एकत्र तपासल्या होत्या, साधारण साडेतीन हजार माणसं. चिंता, डिप्रेशन, दुखणं यात थोडा ते मध्यम म्हणावा असा फायदा दिसला, लक्ष, झोप, वजन यांच्याबद्दल ठोस काही हाती लागलं नाही, आणि व्यायाम किंवा औषधांपेक्षा ध्यान भारी असंही दिसलं नाही. मला हा निष्कर्ष आवडतो, कारण अनुभवाशी जुळतो. म्हणून कुणी ध्यानासाठी बीपीच्या किंवा डिप्रेशनच्या गोळ्या बंद करा म्हणालं तर अजिबात ऐकू नका. गंभीर मानसिक आजार असेल तर दहा दिवसांचा कोर्स झेपेलच असं नाही, केंद्राच्या फॉर्ममध्ये ते विचारतात, तिथे खरं लिहा आणि आधी डॉक्टरांशी बोला.

रोजचं म्हणाल तर गुरुजी सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास सांगायचे. नोकरी, डबे, कल्याणची लोकल यात मला ते जमत नाही. सकाळी कुकर लावायच्या आधी अर्धा तास बसते, त्यातला निम्मा वेळ मन ऑफिसमध्ये असतं, ते परत आणायचं, परत जातं, परत आणायचं. एकेक सकाळ तर फक्त डुलक्यांची असते. तरी बसायचं, कारण आठवडाभर सुटलं की पहिली खबर आमच्या लेकाला लागते, "आई, तू हल्ली बसत नाहीस का?" असं तोंडावर विचारतो. तो शाळेत आनापान शिकलाय, राज्यातल्या बऱ्याच शाळांमध्ये मित्र उपक्रम आहे ना त्यात, वर्गात दहा मिनिटं श्वास बघायचा. त्यामुळे साहेब स्वतःला सीनियर समजतात.

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी एकदम इगतपुरी बुक करायची गरज नाही, घरीच दहा मिनिटं श्वास बघा आणि आवडतंय का बघा, खुर्चीत बसलात तरी चालतं. आणि इगतपुरीला जायचंच असेल आणि पावसाळा असेल तर कपडे दोन जोड जास्तीचे न्या, तिथे काहीही वाळत नाही.