सॉरी डे, न्यूड फूड आणि सोलापूरची सेटलमेंट

मेलबर्नला येऊन नऊ वर्षं झाली तरी मे संपत आला की शाळेच्या ॲपवर धडाधड मेसेज यायला लागतात आणि माझा दरवर्षी तोच गोंधळ उडतो. 26 मे सॉरी डे, 27 पासून 3 जूनपर्यंत रिकन्सिलिएशन वीक (इथल्या मूळ लोकांशी सलोख्याचा आठवडा), मग श्वास घेतो न घेतो तोच 5 जूनचा पर्यावरण दिन, आणि आमच्या शाळेत त्याला जोडून ‘न्यूड फूड डे’. पहिल्या वर्षी ते वाचून नवऱ्याने मोबाईल माझ्या हातात दिला, म्हणाला तूच बघ बाई हे काय आहे. तर न्यूड म्हणजे डब्यात फॉइल नाही, प्लास्टिक नाही, पाकीट नाही, नुसतं अन्न. आमची लेक फॉइलमध्ये गुंडाळलेली पोळी-भाजी घेऊन गेली आणि रडत घरी आली कारण वर्गात तिचा एकटीचाच कचरा झाला होता. आता स्टीलचा डबा देते. इथे त्याच स्टीलच्या डब्याला ‘इको’ म्हणत चिक्कार पैसे घेतात आणि आमच्या आईने आम्हाला दहावीपर्यंत दुसरं काही दिलंच नव्हतं, ते जाऊ दे.

सॉरी डेचं मात्र असं हसण्यावारी नेता येत नाही. सोलापूरला व्हिडिओ कॉल चालू होता, लेकीने जांभळ्या कागदाचं फूल दाखवलं, अण्णा म्हणाले, “सॉरी कोण कुणाला म्हणायलंय?” आणि मग मला समजावून सांगावं लागलं की इथल्या ॲबोरिजिनल लोकांची लहान लेकरं सरकार आणि मिशनवाले आईबापांकडून उचलून नेत होते, साधारण 1910 ते 1970 पर्यंत, काहींना पुन्हा घर कधी दिसलंच नाही. पुढे याची चौकशी झाली, तिचा रिपोर्ट 26 मे 1997 ला संसदेत ठेवला गेला म्हणून ही तारीख. दहातल्या एकापासून तिनातल्या एका मुलापर्यंत, एवढी मुलं नेली असं त्यात लिहिलंय. पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली ती थेट 2008 च्या फेब्रुवारीत. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. लेक तिसरीत आहे, तिला शाळेत हे अगदी सौम्य करून सांगितलं असणार, तरी रात्री झोपताना विचारलंच की आई मी पण ब्राऊन आहे ना, मग मला पण नेलं असतं का.

आता खरं सांगायचं तर या ‘डे’ प्रकाराबद्दल माझं मत फारसं चांगलं नाहीये. प्रत्येक असेंब्लीच्या सुरुवातीला पोरं ही जमीन मूळच्या वुरुंजेरी लोकांची आहे हे सांगणारी ती चार वाक्यं म्हणतात, आपण ‘भारत माझा देश आहे’ म्हणायचो ना एका श्वासात, अगदी त्याच चालीवर. मैदानात पाठिंब्याची खूण म्हणून कागदी हात रोवतात, फोटो निघतात, पाऊस आला की हात भिजून लोळागोळा. आणि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये, त्याच लोकांना संसदेपुढे आपलं म्हणणं मांडायला एक अधिकृत मंडळ द्यायचं का असं देशाला विचारलं, तर साठ टक्के मतं ‘नाही’. शाळेच्या हॉलमध्येच मतदान होतं, बाहेर सॉसेज भाजत होते, आत भिंतीवर पोरांचे कागदी हात. मी रांगेत उभी राहून ते बघत होते.

पण शाळेच्या मागच्या वाफ्याचं काम मला मनापासून आवडलं. तिथे मुर्नाँग लावलेत, पिवळ्या फुलाचं छोटं रोप, खाली कंद. व्हिक्टोरियाच्या माळावर हे अमाप असायचं, बायका काठीने खणून काढायच्या, भाजून खायच्या, आणि खणल्यामुळे माती भुसभुशीत राहायची. 1835 नंतर गोऱ्यांच्या मेंढ्या आल्या, त्यांनी काही वर्षांतच ते खाऊन आणि तुडवून संपवलं, माळ दगडासारखा झाला. म्हणजे लोकांची उपासमार आणि जमिनीची नासाडी एकाच वेळी, एकाच मेंढीच्या तोंडून. 5 जून आणि रिकन्सिलिएशन वीक शाळेने एकमेकांना का चिकटवलेत ते मला त्या वाफ्यापाशी कळलं, पत्रकात काही कळलं नव्हतं.

तिथेच त्यांनी या भागातल्या मूळ कुलिन लोकांच्या सात ऋतूंचं चक्र लावलंय. सध्या वॉरिंग, म्हणजे वॉम्बॅट या बिळात राहणाऱ्या प्राण्याचा ऋतू, त्याआधी ईल माशाचा, पुढे ऑर्किडचा, मग बेडकाच्या पिल्लांचा. लेकीने हे अण्णांना सांगितल्यावर ते एकदम खूश, म्हणाले हे तर आपल्या नक्षत्रासारखंच की, मृगाचं वाहन कोल्हा, आर्द्राचं मोर, तुमचं वॉम्बॅट. मग वॉम्बॅट वाहन असलं की पाऊस कसा पडतो यावर दोघांची अर्धा तास चर्चा.

त्याच आठवड्यात वर्गात तीन मिनिटं बोलायचं होतं, विषय फर्स्ट नेशन्समधलं, म्हणजे इथल्या मूळ लोकांमधलं कुणीही. माबोंवर आधीच चौघांनी नाव लावलेलं (टॉरेस सामुद्रधुनीतले एडी माबो, ज्यांच्या केसमुळे 3 जून 1992 ला कोर्टाने मान्य केलं की गोरे आले तेव्हा ही जमीन बिनमालकाची नव्हती, आणि निकालाआधी साधारण साडेचार महिने ते वारले). नवरा क्रिकेटवेडा, तो म्हणाला जॉनी मुल्लाघ घे. 1868 साली ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला गेलेली पहिली क्रिकेट टीम ॲबोरिजिनल खेळाडूंची होती, गोऱ्यांची टीम गेली त्यानंतर दहा वर्षांनी. मुल्लाघ त्यातला स्टार. त्याच्या नावाचं मेडल बॉक्सिंग डे टेस्टच्या प्लेअर ऑफ द मॅचला देतात आणि पहिल्यांदा, 2020 ला, ते गेलं आपल्या अजिंक्य रहाणेला! ॲडलेडला 36 ऑल आऊट, विराट घरी परतलेला, आणि त्यानंतर इथल्या एमसीजी मैदानावर ते शतक. नवऱ्याने हे लेकीला इतक्या वेळा सांगितलं की तीन मिनिटांपैकी दोन मिनिटं ती रहाणेवरच बोलली असं टीचरने हसत सांगितलं.

तयारी करताना मला एक वाक्य दिसलं आणि ते डोक्यातून जाईना. टीम इंग्लंडहून परतली आणि 1869 ला व्हिक्टोरियात कायदा झाला, ॲबोरिजिनल लोकांनी कुठे राहायचं, कुठे काम करायचं, त्यांची मुलं कुणाकडे राहतील, सगळं बोर्ड ठरवणार. नावात ‘संरक्षण’. 1869. मला ते साल ओळखीचं वाटत होतं, मग लक्षात आलं की माझ्या डोक्यात 1871 होतं, त्याच राणीच्या राज्यात आपल्याकडे झालेला गुन्हेगार जमाती कायदा. जन्मालाच गुन्हेगार, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही.

आणि मी सोलापूरची आहे! आमच्या गावात एका अख्ख्या भागाचं नावच सेटलमेंट आहे. रिक्षावाल्याला सेटलमेंट म्हणून सांगायचं, तो नेतो. शाळा, कॉलेज, लग्न होईपर्यंत हा शब्द रोज वापरला आणि एकदाही मनात आलं नाही की सोलापुरात हा इंग्रजी शब्द कुठून आला. पुढच्या कॉलला अण्णांना विचारलं. ते म्हणाले, “तारेचं कुंपण होतं की तिथं. आत पारधी, कैकाडी, टकारी, सगळे. आमच्या मिलमध्ये त्यातली जुनी माणसं होती, सांगायची, हजेरी चुकली की झालं.” 31 ऑगस्ट 1952 ला कायदा देशभरातून गेला, तार निघाली, नाव राहिलं. मी म्हटलं अण्णा, तुम्ही हे मला कधी सांगितलं नाही. “तू कधी विचारलंस?”

लेक शेजारी बसून ऐकत होती, मराठी सगळं कळतं तिला, बोलताना इंग्रजी घुसवते एवढंच. तिने विचारलं, तुझ्या शाळेत तिकडची मुलं होती का?

होती. एक होती, सहावीपर्यंत. वर्गात कुणाचं पेन हरवलं की बाई आधी तिचं दप्तर बघायच्या आणि आम्ही सगळ्या गप्प बसून बघायचो, पेन एकदाही सापडलं नाही. लेकीला एवढं सांगितलं, तर तिचा पुढचा प्रश्न, नाव काय होतं तिचं? दोन आठवडे झाले, अजून आठवायचा प्रयत्न करतेय. आडनावच आठवतंय फक्त, कारण बाई तिला आडनावानेच हाक मारायच्या.